दयारामच्या नावाचं रक्त

दयाराम घरतच्या नावाचा रक्ताचा कागद आला आणि त्याच्या घरात रडारड सुरू झाली. कागदावर नाव दयारामचं, वय दयारामचं, गेटपासचा नंबरही त्याचाच. रक्त मात्र त्याचं नव्हतं. ते त्याच्या धाकट्या भावाचं, प्रणयचं होतं, आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज घरात कोणाला ठाऊक नव्हती.

कागदात लिहिलं होतं की पांढऱ्या पेशी फार कमी, प्लेटलेट त्याहून कमी, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं, तोवर कामावर येऊ नये. ठमीनं, दयारामच्या बायकोनं, तो शेजारच्या कॉलेजवाल्या पोरीकडून वाचून घेतला. पेशी म्हणजे काय ते तिला कळलं नाही, पण ‘ताबडतोब’ कळलं. ती ओट्याला टेकून बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. प्रणयचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं, दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले, आणि घरचा कर्ता माणूस असा.

दयाराम तिच्याकडे बघत नुसता उभा. त्याला सांगता येत होतं, की बाई, मना काय झालेलं न्हाय. पण ते सांगितलं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आता दुसऱ्याचं रक्त दयारामच्या नावानं गेलंच कसं, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मलाच वेड्यात काढाल.

उरणच्या बंदराला लागून टँक-कंटेनर धुण्याचं एक यार्ड आहे. परदेशातून रसायनं भरून आलेल्या लोखंडी टाक्या रिकाम्या झाल्या की तिथं येतात. माणसानं आत उतरायचं, तळाशी राहिलेला माल काढायचा, टाकी घासायची, पुसायची, वर यायचं. दयारामचं हे काम. बापाचं मिठागर गेलं त्या जागेवरच यार्ड उभं राहिलं, म्हणून ठेकेदारानं गावातल्या घरटी एकाला चिकटवून घेतलेलं. दर सहा महिन्यांनी गेटबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये रक्ततपासणी व्हायची. ज्याच्या रक्तात खोट निघाली त्याला घरी बसवायचे. गावातला हरेश्वर असाच ‘अनफिट’ म्हणून गेला, आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या ट्रकवर क्लिनर आहे. त्यानंतर गावानं तोडगा काढला. तपासणीच्या दिवशी घरातला दुसरा तगडा माणूस पाठवायचा. गेटपास त्याच्या गळ्यात, टोपी डोळ्यांवर. शेडमधला सुईवाला दीडशे माणसं उरकायच्या घाईत, तो कशाला चेहरा बघतोय? याला गावात ‘रक्ताची बदली’ म्हणत. कोणी रजेवर गेला की बदली कामगार येतो ना, तशी. हसत हसत म्हणत, पोरंसोरं म्हणत, कोणाला त्यात काही गैर वाटत नसे.

दयाराम पहिल्यांदा खरोखर आजारी होता, मलेरियानं फणफणलेला, म्हणून प्रणय गेला. पुढच्या वेळी तो धडधाकट होता, तरी प्रणयच गेला. खरं सांगायचं तर दयारामला भीती बसली होती. रोज टाकीत उतरणाऱ्या माणसाला आपल्या अंगात काय चाललंय ते कळायला नको असतं. आणि प्रणय त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान, गोटीबंद, घरामागे ट्रकच्या फळ्या रंगवणारा, यार्डाची पायरी न चढलेला. त्याचं रक्त कशाला खोटं निघेल? अशी सहा वर्षं गेली, ठमीला कळू न देता; तिनं प्रणयला सुई टोचू दिली नसती.

गेल्या साली एक चिठ्ठी आली होती, पेशी थोड्या कमी आहेत, पुन्हा तपासा म्हणून. दयारामनं ती वाचून प्रणयच्या पाठीत धपाटा घातला होता. “मंग काय करशील, उपाशी रंगवीत बसतंस दिवसभर. रोज दोन अंडी खा.” आठवडाभर अंडी चारून त्यानं भावाला परत पाठवला, आणि तेव्हा आकडा जेमतेम बसला. त्या दिवशी दोघांनी चिंबोऱ्या आणून खाल्ल्या. इतकी अक्कल.

कागद आला त्या दिवशी प्रणय दुपारी जेवायला आला, ठमीचं रडणं ऐकलं आणि भावाला मागल्या दारी घेऊन गेला.

“दादूस, ते रगत तर माजं.”

“न्हाय,” दयारामच्या तोंडून निघून गेलं. “तू दिलंस ती बाटली फुटली. मना परत बोलावलेलं. हे माजंच हाय.”

का बोलला असं? नऊ दिवस राहिलेत, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. प्रणय दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून या भावाला त्यानं खांद्यावरून उतरवला नव्हता. त्याच्या हळदीआधी त्याला हे सांगायला जीभ रेटली नाही. पण प्रणयचे डोळे भरून आले, तो म्हणाला, “दादूस, लगीन पुढं ढकलू. आधी तुला दाखवू,” तेव्हा दयारामला स्वतःचीच लाज वाटली. “गप,” तो म्हणाला. “लगीन आधी.”

दुसऱ्या दिवशी यार्डाच्या तपासणीच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. सुचिता मॅडम नव्याच होत्या, सहा महिन्यांपूर्वी आलेल्या. त्यांनी सहा वर्षांचे कागद टेबलावर ओळीनं मांडले. दर सहा महिन्यांनी आकडा थोडा थोडा उतरत आलेला. मांडल्यावर कोणा शाळकरी पोरालाही दिसलं असतं, पण आजवर कोणी मांडलं नव्हतं.

“दमायला होतं का? हिरड्यांतून रक्त येतं? लागलं नसताना काळेनिळे डाग?”

“न्हाय.”

“टाकीत उतरताना मास्क घालता?”

“व्हय. हवेची नळी पण असते. चार वर्षं झाली, नळीशिवाय आत सोडत न्हाईत.”

मॅडमनी बाकीच्यांचे कागद शेजारी ठेवून पाहिले. “तुमच्याबरोबर उतरणाऱ्या कोणाचंही रक्त इतकं पडलेलं नाही. हे बेंझीनचं काम वाटतं मला. तुम्ही ज्याला गोडा माल म्हणता ना, गोडसर वास येतो, तो. वर्षानुवर्षं पोटात, फुप्फुसांत, कातडीतून जात राहिला की हाडांच्या मगजात जिथं रक्त तयार होतं तिथं बिघडवतो. पुढं रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.” मग त्यांनी मान वर केली. “तो माल घरी नाही ना नेत तुम्ही?”

दयारामनं टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

“न्हाय,” तो म्हणाला. दोन दिवसांत हा त्याचा कितवा ‘न्हाय’ होता, त्यानं मोजले नव्हते.

“मग थांबू नका. या आठवड्यात हॉस्पिटल गाठा. असल्या आजारात उशीर परवडत नाही.”

घरामागे पत्र्याची शेड होती. तिथं प्रणय ट्रकच्या आणि ट्रेलरच्या मागच्या फळ्या रंगवायचा. मोर, गुलाब, मालकाच्या पोरींची नावं, देवाची नावं. उरणपासून पनवेलपर्यंत त्याच्या हातचे मोर रस्त्यावर फिरत होते. रंग पातळ करायला, जुना रंग खरवडायला, ब्रश धुवायला थिनर लागतं. बाजारचं थिनर महाग, आणि दयारामच्या यार्डात टाक्यांच्या तळाशी तसलाच माल फुकट उरलेला. सहा वर्षं दर आठवड्याला दयाराम पाच लिटरचा तेलाचा कॅन भरून ओळखीच्या ट्रकमधून घरी आणत होता. गावात बरेचजण असा कॅन आणत; दयाराम भावासाठी आणत होता. प्रणय म्हणायचा, दादूस, बाजारच्यापेक्षा हे झकास, वास पण गोड.

दयाराम शेडमध्ये गेला तेव्हा प्रणय कोपरापर्यंत हात त्या मालानं चोळून धूत होता. पत्रा तापलेला, वारा नाही, दार रंगावर धूळ बसू नये म्हणून लोटलेलं. टाकीत नळी होती, मास्क होता, बाहेर दोरी धरून उभा माणूस होता. इथं काही नव्हतं.

दयारामनं कॅन उचलला.

“कुठं नेतंस?” प्रणय म्हणाला. “अजून अर्धा हाय.”

“यार्डात तपासणी चाललीय. सापडलं तर लफडं. आजपासून हे बंद.”

“बरा.” प्रणयनं हात फडक्याला पुसले. “तू बस ना दादूस. उभा नको राहू. वैनीनं सांगितलंय तुला दमवायचं नाही.”

दयाराम कॅन घेऊन खाडीच्या बांधापर्यंत गेला, ओतायला वाकला, आणि ओतला नाही. खाली चिंबोऱ्या होत्या, पोरं गळ टाकून बसलेली. परत आणून त्यानं तो संडासामागे लपवला. त्या विषाला ठेवायला आख्ख्या गावात जागा नव्हती, आणि त्यानं ते सहा वर्षं भावाच्या हातावर घातलं होतं.

हळदीपर्यंतचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. ठमीनं त्याला आजारी करून टाकलं. बीट, नाचणीची पेज, बकऱ्याची कलेजी. ती पुढ्यात बसून घास मोजायची. “खा. माजी शपथ.” त्यानं खायचं तरी कसं? ती पाठमोरी झाली की तो कलेजी प्रणयच्या ताटात सरकवायचा. प्रणय परत सरकवायचा. “दादूस, तुला गरज हाय.” एकदा प्रणयनं भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा त्यावर हिरडीचं रक्त लागलेलं दिसलं. दयारामनं ते पाहिलं आणि ताटावरून उठला. ठमीला वाटलं, याची भूक गेली.

हॉस्पिटलचं विचारलं की तो सांगायचा, मॅडमनी लग्नानंतरची तारीख दिलीय. रोज सकाळी ठरवायचा, आज बोलतो. मग मांडवाचा माणूस यायचा, किंवा दिपालीचा फोन. दिपाली म्हणजे होणारी नवरी, जासईकडची, एका कंटेनर गोदामाच्या ऑफिसात कामाला. ती फोनवर सरळ विचारायची, “भावोजी, तुमची तब्येत कशी आहे? आपण तारीख बदलू, माझ्या घरच्यांना मी समजावते.” आणि हा भला माणूस म्हणायचा, नको गं बाय, मी ठीक हाय. तेवढंच काय ते खरं बोलत होता.

हळदीचा दिवस उजाडला. दुपारी चारला प्रणयला पाटावर बसवलं, बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलं धोतर. समोर धवलारीण सोनाबाई. आगरी लग्नात धवले गायला ती लागतेच. गावातल्या तीन पिढ्यांना तिनं हळद लावलेली. आंब्याच्या पानानं हळद पायापासून वर चढवायची आणि तोंडानं धवला चालू ठेवायचा. धवलारीण मध्ये थांबत नाही. खोकला आला तरी नाही, मांडवात भांडणं झाली तरी नाही. बाहेर बँडवाले आवाज जुळवत होते, बायका वाट्या धरून उभ्या, ठमी सगळ्यांत पुढं, डोळे सुजलेले पण नवी साडी नेसलेली.

सोनाबाईनं पान हळदीत बुडवलं, पावलांवर फिरवलं, नडगीवर आणलं, आणि थांबली.

गाणं थांबलं म्हणून बायकांची कुजबूज थांबली. बँडवालेही का कोण जाणे थांबले. सोनाबाई वाकून बघत होती. प्रणयच्या नडगीवर पिवळ्या हळदीखाली वांग्याच्या रंगाचे डाग होते, चार-पाच, तळहाताएवढे. आणि त्यांच्याभोवती मोहरीसारखे बारीक लाल ठिपके, घोट्यापर्यंत.

“बाला, कुठं पडलास?” सोनाबाईनं विचारलं.

“न्हाय गं आये. शिडी लागली असंल.”

“दोन्ही पायांना?”

दयाराम मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. ‘लागलं नसताना काळेनिळे डाग,’ मॅडम म्हणाल्या होत्या. तो पुढं आला आणि पाटासमोर खाली बसला. गर्दीत बोलायची त्याला सवय नव्हती. तो भावाशीच बोलला, पण मांडव इतका गप्प होता की सगळ्यांनी ऐकलं.

“प्रणय, ते रगत तुजंच हाय. बाटली-बिटली काय फुटली न्हाय. मी खोटं बोललो. मना काय झालं न्हाय. आजारी तू हायस. आणि तो माल मी तुला आणून दिला. माज्या हातानं आणून दिला.”

मग ठमीच्या हातातली वाटी खाली पडली. ती पुढं आली आणि तिनं नवऱ्याला दंडाला धरून हलवलं. “आठ दिवस,” ती म्हणाली. “आठ दिवस मी तुमच्या नावानं रडले. तुमच्या तोंडात घास घातले. आणि हा पोरगा पुढ्यात बसून सुकत होता. जल्लं तुमचं ते थिनर.” लग्न होऊन या घरात आली तेव्हा प्रणय आठ वर्षांचा होता, तिच्या पदराला नाक पुसायचा.

प्रणय पायांकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, “दादूस, म्हणजे तुजं रगत बरं हाय?”

दयारामनं तोंड झाकून घेतलं. आजवर त्याला कोणी इतकं मारलं नव्हतं.

हळद तशीच राहिली. पायांवर पिवळं, वर कोरडं, अशा अंगानं प्रणयला गाडीत घालून नवी मुंबईच्या हॉस्पिटलात नेला. हाडातून मगज काढून तपासला. डॉक्टरांनी सांगितलं की रक्ताच्या कॅन्सरची सुरुवात आहे, अजून पुरता पसरलेला नाही. सहा वर्षं जे चढत गेलं ते उतरवायला महिने लागणार. औषधं चढवू, आणि सख्ख्या भावाचा मगज जुळला तर त्याला नवं रक्त मिळेल. जुळण्याची शक्यता चारात एक.

दयारामनं सुचिता मॅडमना सगळं सांगितलं. बदलीचं, कॅनचं, गावाचं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग स्वतः सुई घेऊन त्याचं रक्त काढलं, आणि गावातल्या प्रत्येक घरामागच्या कॅनची यादी करायला बसल्या. दयारामचं काम त्याच दिवशी सुटलं. गावात चार घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, कारण पुढल्या तपासणीला चेहरे बघितले गेले आणि स्वतःचं रक्त द्यावं लागलं. दोघांचं कमी निघालं. त्यातला एक, येसाजी, दारात येऊन शिव्या देऊन गेला. दयारामनं ऐकून घेतल्या. येसाजीनंच आपल्या म्हाताऱ्या बापाला होडी रंगवायचे ब्रश धुवायला तोच माल दिला होता, आणि ते शिव्या देताना त्याला आठवलं, तसा तो शिवी अर्धी टाकून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेडमधले कॅन बाहेर आले.

दयारामच्या रक्ताचा कागद मॅडमनी रक्त काढल्यावर तिसऱ्या दिवशीच आला. मॅडमनी फोनवर वाचून दाखवला. “तुमचं रक्त चांगलं आहे. सगळं जिथल्या तिथं. तुम्ही आधीपासून स्वतःचं दिलं असतं तरी तुम्हाला कोणी काढलं नसतं.” त्यांना धीर द्यायचा होता. दयारामनं फोन ठेवला आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तो मोठ्यानं रडला. लोक वळसा घालून जात होते.

दिपाली रोज ऑफिस सुटलं की यायची. तिच्या बापाला हे लग्न आता नको होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. “बाबा रागावलेत,” ती म्हणाली. “रागावू देत. तो काय कोणाला विचारून आजारी नाही पडलेला.” मग ती दयारामकडे वळली. “भावोजी, मला तुमचाही राग आहे. आठ दिवस तुम्ही फोनवर माझ्यापासून लपवत होता. तो राग जाईल की नाही माहीत नाही. पण तुम्ही जेवून घ्या.” दयाराम मान खाली घालून जेवला.

मग तो दिवस आला, भावाचा मगज जुळतो का ते बघायला रक्त द्यायचा. प्रणयच्या खोलीच्या काचेबाहेरच खुर्ची मांडलेली. आत प्रणय, डोक्यावरचे केस गेलेले, तोंडावर मास्क. दाराशी नर्स ट्यूबा घेऊन आली. “नाव सांगा. पूर्ण. तुमच्याच तोंडून.”

“दयाराम बाळाराम घरत.”

ती लेबलावर लिहीत होती तेवढ्यात आतून, मास्कमधून, बारीक आवाज आला. नर्सनं दार पुरतं लोटलं नव्हतं.

“दादूस, सुईला भीत असशील तर सांग. तुज्या नावानं मी जातंय.”

ठमी तोंड फिरवून हसली की रडली कळलं नाही. नर्सला काही समजलं नाही, ती रबर बांधायची वाट बघत उभी राहिली. दयारामनं शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात तिच्यासमोर धरला.

“काढा,” तो म्हणाला. “लागंल तेवढं काढा. आज मीच आलोय.”